दत्तकाचा कायदा बदलला, त्याची किंमत कोण मोजतंय?

दत्तकाचा अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ मध्ये संसदेने बाल न्याय कायद्यात दुरुस्ती केली, १ सप्टेंबर २०२२ पासून ती लागू झाली आणि हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या कलेक्टरसाहेबांकडे गेला. कारण सांगितले गेले विलंबाचे. न्यायालयांत प्रकरणे तुंबली आहेत, मुलांना आईबाप मिळायला उशीर होतो, कलेक्टर हे काम लवकर मार्गी लावतील. सरकारच्या हेतूवर शंका घ्यावी असे मला वाटत नाही. पण या दुरुस्तीची किंमत कोणी मोजली, हे तेव्हाच विचारायला हवे होते आणि आजही विचारायला हवे. माझ्या मते ती मोजली संस्थांमध्ये वाट पाहणाऱ्या मुलांनी, कारण काम जिथे अडत होते तिथे कायद्याने हातच घातला नाही.

मूल दत्तक जाते कसे, हे आधी नीट पाहू. एखादे बाळ रुग्णालयात, बसस्थानकावर किंवा संस्थेच्या दारातल्या पाळण्यात सोडलेले सापडते. ते बालकल्याण समितीसमोर, म्हणजे निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर, आणले जाते. समिती त्याला विशेष दत्तक संस्थेत ठेवते. वर्तमानपत्रात त्याची माहिती प्रसिद्ध होते, पोलीस त्याच्या आईवडिलांचा शोध घेतात आणि ‘मिळून आले नाहीत’ असा अहवाल देतात. मग समितीचे किमान तीन सदस्य ते मूल दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त झाल्याचे जाहीर करतात. कायद्याने याला मुदत घातली आहे: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने, त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिने. आईने स्वतः बाळ समितीच्या स्वाधीन केले असेल, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात, आणि ते योग्यच आहे. हा दाखला मिळाला की मूल ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, पोर्टलवर येते, रांगेतल्या एखाद्या जोडप्याला सुचवले जाते, त्यांनी होकार दिला की थोड्याच दिवसांत ते दत्तकपूर्व संगोपनासाठी त्यांच्या घरी जाते. दत्तक-आदेशासाठी अर्ज होतो तो यानंतर.

म्हणजे न्यायाधीशांसमोर फाईल पोहोचेपर्यंत बहुतेक बाळे आपल्या नव्या घरात पोहोचलेली असतात. त्यांचे बारसे झालेले असते, आजीने दृष्ट काढलेली असते. आदेश यायला उशीर झाला तर त्रास होतो, तो खोटा नाही. जन्मदाखला मिळत नाही, पासपोर्ट निघत नाही, शाळेच्या अर्जात काय लिहायचे कळत नाही, आणि बाळ परत मागतील की काय ही धास्ती आईच्या मनातून जात नाही. कायद्यात न्यायालयालाही दोन महिन्यांची मुदत होती आणि ती अनेक ठिकाणी पाळली जात नव्हती. तरीही हा झाला शेवटच्या दारावरचा खोळंबा. खरी गर्दी पहिल्या दारावर, म्हणजे मूल मुक्त जाहीर होण्याच्या टप्प्यावर आहे.

आकडे पाहा. जुलै २०१८ मध्ये देशभरातल्या न्यायालयांत दत्तकाची ६२९ प्रकरणे प्रलंबित होती. दुरुस्तीच्या चर्चेत हाच आकडा पुढे आला. दुसरीकडे, पालकत्व आणि दत्तक कायद्यांचा आढावा घेणाऱ्या संसदीय समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले की, दत्तक जाऊ शकतील अशी अनाथ, सोडून दिलेली किंवा स्वाधीन केलेली ६,९९६ मुले देशातल्या संस्थांमध्ये आहेत आणि त्यांपैकी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित झालेली मुले फक्त २,४३० आहेत. त्याच सुमारास, डिसेंबर २०२१ मध्ये, मूल मिळावे म्हणून नोंदणी करून बसलेले पालक होते २७,९३९. न्यायालयातल्या प्रकरणांच्या आणि मुलांच्या आकड्यांची वर्षे वेगळी आहेत, आणि मुक्त न झालेल्या साडेचार हजार मुलांपैकी काहींची प्रकरणे खरोखर गुंतागुंतीची असतील, हे मान्य. पण शेकड्यांची अडचण सोडवायला कायदा बदलला आणि हजारांची तशीच ठेवली, हे प्रमाण नजरेआड कसे करायचे?

पहिल्या दारावर मूल अडते त्याची कारणे अगदी साधी आहेत. पोलीस ठाण्यातून अहवाल येत नाही, कारण बंदोबस्त, गुन्ह्यांचा तपास आणि सणवार यांत हा कागद सगळ्यांत खाली जातो. बालकल्याण समितीची तीन वर्षांची मुदत संपते आणि नवीन नेमणुका वेळेवर होत नाहीत. शेजारच्या जिल्ह्याच्या समितीला अतिरिक्त कार्यभार दिला जातो, ती आठवड्यातून एखादा दिवस बसते. जिल्हा बाल संरक्षण कक्षातले बहुतेक कर्मचारी कंत्राटी आणि मानधनावर. अनुभव आला की चांगली माणसे दुसरी नोकरी शोधतात. सामाजिक तपासणीचा अहवाल लिहिणारा कार्यकर्ता एक आणि त्याच्या वाट्याला अख्खे तालुके. कित्येक जिल्ह्यांत विशेष दत्तक संस्थाच नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना आदेश द्यावा लागला की ३१ जानेवारी २०२४ पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात अशी संस्था उभी करा.

यातला एकही अडथळा ‘न्यायालय’ हा शब्द खोडून ‘जिल्हा दंडाधिकारी’ असा शब्द लिहिल्याने दूर होत नाही. यासाठी माणसे लागतात, त्यांचा पगार लागतो, गाडीला डिझेल लागते. केंद्राच्या विधेयकाला जोडलेले वित्तीय निवेदन भारताच्या संचित निधीतून होणाऱ्या खर्चाबद्दल बोलते. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या कार्यालयात कोणत्या टेबलावर किती फायली वाढतील, त्या कोण उघडेल, याचा हिशेब त्यात नसतो. तो हिशेब कोणीच मागत नाही, म्हणून कायदा फुकटात बदलल्यासारखा वाटतो.

आणि त्या मुलांच्या बाजूने पाहायचे तर हा हिशेब महिन्यांत होतो. आपल्याकडे दत्तक घेणाऱ्यांची पहिली पसंती दोन वर्षांच्या आतले बाळ. मूल पाच वर्षांचे झाले की त्याला घर मिळणे अवघड होते. सहा महिन्यांचे बाळ पोलिसांच्या एका कागदासाठी दीड वर्ष थांबले, तर त्याचे फक्त दीड वर्ष जात नाही. घर मिळण्याची शक्यताच हातातून निसटते. पुढे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत संस्थेत राहिले तर त्याचा खर्चही शेवटी आपणच उचलतो. ज्यांना फक्त रुपयांचीच भाषा समजते त्यांनी तरी हा हिशेब मांडावा.

आता बदलाच्या काळात काय झाले ते पाहू. नियमांप्रमाणे न्यायालयांतली प्रलंबित प्रकरणे कलेक्टरांकडे वर्ग करायची होती. ज्यांची सुनावणी संपत आली होती त्यांनाही पुन्हा नव्या कार्यालयात, नव्या क्रमांकाने, नव्या प्रतिज्ञापत्रांसह उभे राहावे लागणार होते. कलेक्टरांच्या कार्यालयांना या कामाची सवय नव्हती. दत्तकाच्या प्रकरणात काय तपासायचे, मुलाची ओळख गोपनीय कशी ठेवायची, आदेशाची भाषा कशी असावी, हे सगळे नव्याने शिकायचे होते. या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. दिगे यांच्या खंडपीठाने प्रकरणे वर्ग करण्यास अंतरिम स्थगिती दिली. म्हणजे ज्या दुरुस्तीने वेग यायचा होता तिच्यामुळे काही महिने तरी, कोणत्या दारात जायचे हेच लोकांना कळेना. घरात बाळ रांगते आहे आणि ते कायद्याने आपले कोणाच्या सहीने होणार याचे उत्तर वकिलाकडेही नाही. त्या महिन्यांत घरांनी भरलेल्या वकिलांच्या फीची, रजेची, प्रवासाची नोंद कुठल्याच अहवालात सापडणार नाही. माझ्या लेखी हाही सार्वजनिक खर्चच आहे. सरकारच्या निर्णयाने झालेला आणि लोकांच्या खिशातून गेलेला.

कलेक्टरांबद्दल मला आदर आहे. महापूर, दुष्काळ, साथ, दंगल, निवडणूक, सगळ्या वेळी जिल्हा त्यांच्याच तोंडाकडे पाहतो. नेमके म्हणूनच माझी हरकत आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका झाल्या. आचारसंहितेच्या त्या महिन्यांत कलेक्टर हेच जिल्हा निवडणूक अधिकारी. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांनाही कायद्याने हा अधिकार दिला आहे, पण निवडणुकीच्या कामातून तेही सुटत नाहीत. न्यायालयावर कामाचा बोजा होता हे खरे, तसा तो कलेक्टर कचेरीतही आहे. शिवाय दत्तकाने मुलाचे नाव, वारसा, नाते, सगळेच कायमचे बदलते. असा निर्णय प्रशासनाच्या हाती द्यायचा तर त्यावरचे अपील निदान प्रशासनाबाहेर हवे होते. आता ते विभागीय आयुक्तांकडे आहे. सिंधुदुर्गातल्या माणसाला अपील करायचे झाले तर गाठायचे बेलापूरचे कोकण भवन.

दत्तक हा या विषयाचा छोटा भाग आहे. देशात कायदेशीर मार्गाने वर्षाला साधारण चार हजार मुले दत्तक जातात. त्याहून कितीतरी अधिक मुले आजीकडे, मामाकडे, विधवा आईकडे वाढतात आणि त्यांना दत्तक कोणालाच द्यायचे नसते. त्यांच्या घराला थोडा टेकू हवा असतो. महाराष्ट्रात यासाठी बालसंगोपन योजना आहे, आणि ही योजना मनापासून चांगली आहे. मुलाला अनाथालयात न पाठवता नात्यातल्या घरीच वाढू द्यायचे आणि त्या घराला महिन्याला काही रक्कम द्यायची. कित्येक वर्षे ती रक्कम महिना ४२५ रुपये होती. करोनानंतर, २०२१ मध्ये ती १,१०० झाली. २०२३ मध्ये २,२५० झाली आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले.

या योजनेचा अर्ज भरायला मी एका आजींबरोबर गेलो होतो. मुलगा आणि सून दोघेही करोनात गेलेले, पदरात दोन नातवंडे. आजींच्या पिशवीत कागद एकावर एक नीट लावलेले होते: दोन मृत्यूदाखले, रेशनकार्ड, आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाइड. टेबलामागच्या माणसाने शांतपणे सगळे तपासले. मग म्हणाला, “आजी, फोटो घरासमोरचा पाहिजे. पोरं आणि तुम्ही, मागं घर दिसलं पाहिजे. हा स्टुडिओतला आहे.” आजी म्हणाल्या, “साहेब, घर पावसात पडलं. आम्ही भावाच्या पडवीत राहतो. त्याच्या घरापुढं काढू का?” त्याला उत्तर देता येईना. नियमात घरासमोरचा फोटो लिहिला होता, घर पडलेल्यांचे काय करायचे ते लिहिले नव्हते. तो वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवला, वरच्यांना फोन लावला, कोणी उचलला नाही. आजी एसटीने परत गेल्या. एका माणसाची त्या दिवशीची मजुरी, जाण्यायेण्याचे तिकीट आणि दोन महिने लांबलेला अर्ज, एवढे एका ओळीच्या नियमाने घडवले.

अर्ज मंजूर झाल्यावरही पैसा महिन्याच्या महिन्याला येईल याची खात्री नसते. अनुदान थकल्याची तक्रार जिल्ह्याजिल्ह्यांत ऐकू येते. वही-दप्तराचा खर्च जूनमध्ये येतो, अनुदान दिवाळीनंतर आले तर त्या घराने मधल्या काळात उसनवारीच केलेली असते.

याहून मला खटकते ती दरातली तफावत. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये याच प्रकारच्या मुलाला, आपल्याच माणसांत वाढण्यासाठी, महिना ४,००० रुपये मिळतात. राज्याच्या योजनेत २,२५०. एकाच गल्लीतली, एकाच साथीत बाप गमावलेली दोन मुले. एकाचा अर्ज या योजनेत बसला, दुसऱ्याचा त्या. केंद्राच्या योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० रुपये, शहरी भागात ९६,०००. शेतमजुरी करणारी विधवा आई रोज तीनशे रुपयांप्रमाणे महिन्यातले पंचवीस दिवस राबली तर वर्षाचे होतात ९०,०००. ती बाद. जास्त कष्ट केले म्हणून तिच्या मुलाचे पैसे गेले, असा हा नियम आहे. मला तो अन्यायाचा वाटतो आणि त्याचे समर्थन ऐकलेले नाही.

राज्याने आपला दर ४,००० वर नेला तर प्रत्येक मुलामागे वर्षाला २१,००० रुपये वाढतात. लाभार्थी मुले एक लाख धरली तर २१० कोटी. आपल्याच राज्याने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद जाहीर केली होती. ती योजना बंद करा असे मी म्हणत नाही; या मुलांच्या कितीतरी आया तिच्या लाभार्थी आहेत. मी एवढेच दाखवतो आहे की हा वाढीव खर्च त्या एका तरतुदीच्या अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहतो. पैसा नाही हे कारण इथे टिकत नाही.

मुलांच्या ताब्याच्या, म्हणजे पालकत्वाच्या, कायद्याचीही हीच रड आहे. आईबाप दोघेही गेले तर आजी ही कायद्याच्या नजरेत नैसर्गिक पालक नसते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात तो मान आधी वडिलांना, मग आईला आहे. नातवाच्या नावची जमीन, विम्याची रक्कम, बँकेतली ठेव यांचा प्रश्न आला की तिला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात जावे लागते. सव्वाशे वर्षांहून जुना हा कायदा ब्रिटिशांच्या काळात झाला आणि वकिलाशिवाय तो सामान्य माणसाला वापरता येत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली, केंद्राने पीएम केअर्समधून दहा लाखांची तरतूद केली. ही मोठी मदत होती. पण ज्या आजीने त्या मुलांना तोपर्यंत वाढवायचे, तिला त्यांची पालक म्हणून उभे राहण्याचा सोपा, फुकट, तालुक्याच्या गावी मिळणारा कागद कोणी दिला नाही. दुरुस्ती करायचीच होती तर इथे करायला हवी होती.

दत्तक झाल्यानंतरच्या आधाराबद्दल तर आपल्याकडे बोललेच जात नाही. मूल दत्तक घेणाऱ्या जोडप्याला सरकारकडून पैसे मिळत नाहीत. उलट गृहभेटीच्या अहवालाचे सहा हजार आणि दत्तक संस्थेच्या बालसंगोपन निधीचे चाळीस-पन्नास हजार त्यांनाच भरावे लागतात. नोकरदार जोडप्याला ते जमते. पण जे शाळामास्तर पाच वर्षांची, ऐकायला कमी येणारी मुलगी घरी आणायला तयार आहेत, त्यांच्यासमोर श्रवणयंत्र, वाचाउपचार, महिन्यातून दोनदा शहराच्या चकरा असा खर्च उभा राहतो, आणि त्यासाठी दत्तक पालक म्हणून कसलीही मदत नाही. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत दत्तक दिलेली अकराशेहून अधिक मुले देशभरात संस्थांना परत केली गेली, असे माहिती अधिकारातून समोर आले होते. मोठ्या वयाची आणि विशेष गरजा असलेली मुले त्यांत ठळकपणे होती. परत आलेल्या मुलाच्या मनाचे काय होत असेल ते मला लिहिता येणार नाही. त्या पालकांना सरसकट दोष द्यायलाही मी तयार नाही. मूल घरी आल्यावर पहिल्या वर्षात कोणाला फोन करायचा, चिडणाऱ्या, रात्री दचकून उठणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला कसे सांभाळायचे, हे सांगणारा एक समुपदेशक जिल्ह्यात असता तर यातली कितीतरी घरे टिकली असती असे मला ठामपणे वाटते.

पैसे दिले तर लोक पैशांसाठी मुले घेतील, असा आक्षेप नेहमी येतो. धोका आहे, तो नाकारता येत नाही. पण संस्थेतल्या मुलामागेही सरकार दरमहा अनुदान देते, वर इमारत आणि पगार. तिथल्या गैरव्यवहारावर आपण तपासणी हा उपाय काढला, अनुदान बंद केले नाही. घराला मदत देतानाही उपाय तोच: वर्षातून दोन-तीनदा कोणीतरी शिकलेला माणूस घरी जाईल, मुलाशी एकट्याशी बोलेल, शाळेत चौकशी करेल. त्यासाठी पुन्हा तोच कार्यकर्ता लागतो, ज्याचे पद रिकामे आहे.

म्हणून राज्य सरकारकडे माझी मागणी स्पष्ट आहे. बालकल्याण समितीची मुदत संपण्याआधी सहा महिने निवड सुरू करा आणि नवी समिती बसेपर्यंत जुनीला काम चालू ठेवू द्या. बाल संरक्षण कक्षातली पदे भरा, आणि नुसते मानधन देऊन माणसे टिकत नाहीत हे मान्य करा. पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची विचारणा पोलीस अधीक्षकांकडे व्हावी, संस्थेच्या अधीक्षिकेने ठाण्यात खेटे घालू नयेत. बालसंगोपनाचा दर केंद्राच्या दराइतका करा, दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा करा. घरासमोरच्या फोटोची अट काढा. गृहभेट होणारच असते, तेव्हा घर दिसते. आजी-आजोबांना पालकत्वाचा दाखला तालुक्यातच मिळेल अशी तरतूद करा. आणि यापुढे मुलांच्या कायद्यात कोणताही बदल विधिमंडळात किंवा संसदेत मांडताना सोबत एक तक्ता जोडा: हे काम कोणत्या जिल्ह्यात कोण करणार, त्याच्याकडे आत्ता किती फायली आहेत, नवे किती लोक लागतील, त्यांचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून जाणार. हा तक्ता कोरा असेल, तर आमदार-खासदारांनी ते विधेयक त्याच दिवशी परत पाठवावे.